मागे घर जोडून घाट उतरताना : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आम्ही दोघा भावांनी मिळून गेल्या वर्षी एक कॅराव्हॅन ट्रेलर घेतला. सामानासह त्याचे वजन साधारण १,४०० किलो भरेल असा आमचा अंदाज आहे आणि ओढायला डिझेलची एसयूव्ही आहे. आजवर अक्कलकोट, विजापूर, पंढरपूर असा सपाटीवरचाच प्रवास झाला. तुळजापूरचा छोटा घाट काय तो चढलो आणि उतरलो. दिवाळीनंतर घरच्यांना घेऊन गणपतीपुळ्याला जायचा विचार आहे. मोबाईलवरचा नकाशा आंबा घाट, कुंभार्ली घाट आणि महाबळेश्वरहून उतरणारा आंबेनळी घाट असे तीन पर्याय दाखवतो. कोणता रस्ता धरावा आणि काय तयारी करावी?
(एक वाचक, विजापूर रोड, सोलापूर)

उत्तर : नकाशा आपल्याला अंतर आणि वेळ सांगतो. मात्र मागे ट्रेलर जोडलेला असताना रस्ता ठरवावा तो उतार किती लांब आहे आणि त्या उतारावर गाडी बाजूला घ्यायला जागा कोठे कोठे आहे, यावरून. चढावर गाडी दमली तर फार तर वेग कमी होतो आणि इंजिन तापते. उतारावर ब्रेक दमले तर सावरायला संधी मिळत नाही. आपण देशावरून कोकणात जाणार आहात, म्हणजे जाताना सगळा उतार आणि येताना सगळा चढ. त्यामुळे खरी परीक्षा जाण्याच्या दिवशीच आहे आणि त्या वेळी ट्रेलर सामानाने भरलेला असणार आहे.

या कसोटीवर माझी पसंती आंबा घाटाला आहे. मंगळवेढे, सांगोला, मिरज, कोल्हापूर, मलकापूर आणि आंबा या मार्गाने जाणारा हा राष्ट्रीय महामार्ग १६६ आहे आणि त्यावरून मालवाहू ट्रकांची रोजची ये-जा असते. जेथून लांब ट्रक वळतात, तेथून आपली जोडगाडीही वळेल, एवढा भरवसा त्यातून मिळतो. घाट उतरल्यावर साखरपा, पाली, हातखंबा आणि तेथून निवळीमार्गे गणपतीपुळे हा रस्ता सरळ पडतो. अर्थात या घाटाचेही भान ठेवावे लागते. २०२१ च्या जुलैमधील अतिवृष्टीत तेथील रस्ता खचला होता, आणि रुंदीकरणाच्या कामांमुळे वाटेत वळणरस्ते लागू शकतात. म्हणून निघण्याच्या आदल्या दिवशी मलकापूर किंवा साखरपा येथील एखाद्या पेट्रोल पंपावर फोन करून रस्त्याची विचारपूस करावी. कुंभार्ली घाटावरूनही मोठी वाहने जातात आणि गुहागरला जायचे असते तर मी तोच सुचवला असता; परंतु गणपतीपुळ्यासाठी चिपळूणहून पुन्हा दक्षिणेकडे यावे लागेल. आंबेनळीचा विचार मात्र सोडून द्यावा. अरुंद रस्ता, एकापाठोपाठ एक तीव्र वळणे आणि समोरून एसटी आली तर मागे घ्यायला जागा नाही, अशा ठिकाणी ट्रेलर उलटा सरकवण्याची वेळ आपल्यावर येऊ नये.

वळणांविषयी आपल्या जिल्ह्यातील माणसाला वेगळे शिकवण्याची गरज नाही. गळीत हंगामात दोन ट्रॉल्या जोडलेला उसाचा ट्रॅक्टर चौकात वळताना पाहावा : ट्रॅक्टर व्यवस्थित बाहेरून जातो, पण मागच्या ट्रॉलीचे चाक आत कापत येते आणि कोपऱ्यावरच्या दगडाला घासते. घाटातील वळणावर आपल्या कॅराव्हॅनचे चाकही तसेच आत येईल. आतल्या बाजूला डोंगर असेल तर गटारात आणि दरी असेल तर कठड्याकडे. वळण रुंद घ्यायचे, पण समोरच्याच्या बाजूत न शिरता, आणि हे जमण्यासाठी वेग वळणाच्या आधीच कमी झालेला असला पाहिजे.

आता वजनाकडे वळू. ‘भरेल असा अंदाज’ हे शब्द मला अस्वस्थ करतात. अक्कलकोट रोड किंवा चिंचोळी एमआयडीसीच्या परिसरातील कोणत्याही वजनकाट्यावर भरलेला ट्रेलर सोडवून उभा करावा आणि एकदा पूर्ण वजन घ्यावे. मग पुढचे आधाराचे छोटे चाक काट्याबाहेर राहील अशा बेताने ट्रेलर सरकवून पुन्हा वजन घ्यावे. दोन्हींतला फरक म्हणजे हुकावर येणारा भार. तो एकूण वजनाच्या १० टक्क्यांच्या आसपास, म्हणजे आपल्या ट्रेलरला सुमारे १४० किलो असावा, मात्र हुकाच्या आणि गाडीच्या उत्पादकाने दिलेल्या मर्यादेच्या वर जाऊ नये. हा भार फार कमी असला, म्हणजेच जड सामान मागे पडले, तर उतारावर ट्रेलर शेपटासारखा हलू लागतो. म्हणून गॅसची टाकी, धान्य, पाण्याचे कॅन या जड वस्तू खाली आणि आसाच्या अगदी जवळ ठेवाव्यात. वरच्या कप्प्यात चादरी आणि कपडे. पाण्याची टाकी १०० लिटरची असेल तर ते १०० किलो ओझे सोलापूरहून कशाला न्यायचे? ती रिकामी ठेवावी आणि घाट उतरल्यावर भरावी.

ब्रेकविषयी जरा सविस्तर लिहितो, कारण बहुतेक अपघातांचे मूळ येथे असते. आपली गाडी माणसांसह २,००० किलो धरली तर जोडगाडी ३,४०० किलोची झाली. ती ५०० मीटर उंची उतरली की जी ऊर्जा मोकळी होते, तिच्यात सुमारे ५० लिटर पाणी उकळीला येईल. त्यातील काही भाग हवेच्या अडथळ्यात आणि इंजिनात जातो; उरलेली सगळी उष्णता चाकांतील ब्रेकच्या पट्ट्यांना सोसावी लागते. इंजिनाने जितके जास्त पेलावे तितके ब्रेकवर कमी येते, म्हणून घाट सुरू होण्यापूर्वीच खालचा गिअर टाकावा आणि न्यूट्रलवर कधीही उतरू नये. ब्रेकवर पाय हलका ठेवून सतत घासत राहण्यापेक्षा, वेग ठरवलेल्या मर्यादेवर आला की ब्रेक नीट दाबून तो १० किलोमीटरने खाली आणावा, मग पाय पूर्ण काढून घ्यावा. मधल्या वेळात पट्ट्यांना वारा लागतो.

आपल्याकडील बऱ्याच कॅराव्हॅनना ढकलीवर चालणारे ब्रेक असतात : पुढची गाडी मंदावली की ट्रेलर तिच्यावर रेलतो, त्या दाबाने कपलिंगमधील (गाडी आणि ट्रेलर यांच्या जोडातील) दांडा आत जातो आणि ट्रेलरचे ब्रेक लागतात. सपाटीवर ही रचना उत्तम काम करते. लांब उतारावर मात्र, आपण ब्रेकला पाय लावलेला नसतानाही, ट्रेलर गाडीवर रेललेलाच असतो आणि त्याचे ब्रेक सतत लागलेले राहतात. चालकाला पुढे काहीच जाणवत नाही. यावर उपाय एकच : थांबणे. काही वर्षांपूर्वी मी आंबा घाटातून जनरेटरचा ट्रेलर घेऊन उतरलो होतो. निम्म्या घाटात जळक्या रबरासारखा वास येऊ लागला, तो पुढच्या ट्रकचा असेल असे समजून मी तसाच पुढे गेलो, आणि दोन वळणांनंतर पायाखालचा ब्रेक नेहमीपेक्षा बोटभर खाली गेला. रुंद जागा मिळताच गाडी थांबवली, चारी बाजूंना दगड लावले. ट्रेलरच्या चाकातील ब्रेकच्या वाटीवर, म्हणजे ड्रमवर, बोटाने पाण्याचा एक थेंब टाकला, तर तो चर्र करून उडाला. तेथे पाऊण तास बसलो. त्या जागी पाण्याची बादली ओतण्याचा मोह होतो, पण तापलेला ड्रम एकदम गार झाला तर तडकू शकतो. त्याला वाऱ्यावरच निवू द्यावे.

नंतर तपासले, तेव्हा माझ्या गाडीतील ब्रेक ऑइल तीन वर्षे बदललेले नव्हते, हे लक्षात आले. हे तेल हवेतील ओल शोषून घेते. डॉट ३ या प्रतीच्या ताज्या तेलाचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सियस असतो, ओल शिरल्यावर तो १४० पर्यंत घसरू शकतो. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५ आहेत. तेल उकळले की नळीत वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पाय रिकामा खाली जातो. निघण्यापूर्वी तेल बदलून घ्यावे, हा खर्च फार नाही.

ट्रेलर हलू लागला तर घाबरून जोरात ब्रेक मारू नये आणि वेग वाढवून सरळ करण्याचाही प्रयत्न करू नये. अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढून स्टिअरिंग सरळ धरावे. समोरून चढत येणाऱ्या वाहनाला आधी वाट द्यावी. अरुंद घाटरस्त्यावर उतरणाऱ्याने थांबावे, असा नियमच आहे.

शेवटी वेळेविषयी. सोलापूर ते कोल्हापूर हेच अंतर सुमारे २५० किलोमीटर आहे. ट्रेलरसह सकाळी निघाल्यावर आपण घाटाच्या तोंडाशी पोचाल तेव्हा दिवस कलत आलेला असेल आणि चालक थकलेला असेल. कोल्हापूर किंवा मलकापूर येथे मुक्काम करावा आणि सकाळी धुके विरल्यावर घाट उतरावा. शक्य असेल तर दोघा भावांपैकी एकाने त्याआधी एकदा मोकळ्या गाडीने हा रस्ता पाहून यावा आणि थांबण्याच्या रुंद जागा वहीत किलोमीटरसह टिपून ठेवाव्यात. माझ्या मते ती वही नकाशापेक्षा अधिक उपयोगी पडेल.

प्रश्न : माझी मुलगी आणि जावई अमेरिकेत डेन्व्हरला असतात. उन्हाळ्यात आम्ही दोघे तेथे जाणार आहोत. जावई पिकअपला २४ फुटांचा ट्रेलर जोडून आम्हाला ॲस्पेन आणि पुढे मॉन्टानातील ग्लेशियर राष्ट्रीय उद्यान दाखवणार आहेत. तेथील रस्ते चांगले असतात, तेव्हा काळजीचे कारण नाही ना?
(एक वाचक भगिनी, होटगी रोड, सोलापूर)

उत्तर : रस्ते रुंद आहेत, परंतु डोंगर आपल्या सह्याद्रीपेक्षा पुष्कळ उंच आहेत. डेन्व्हरहून पश्चिमेला जाणारा आंतरराज्य महामार्ग ७० आयझेनहॉवर बोगद्यातून जातो, तो ११,००० फुटांहून उंचावर आहे. विरळ हवेमुळे टर्बो नसलेल्या इंजिनाची शक्ती दर १,००० फुटांमागे सुमारे ३ टक्क्यांनी घटते, म्हणजे त्या उंचीवर जवळजवळ एक तृतीयांश. बोगद्यापलीकडे सिल्व्हरथॉर्नकडे जाणारा उतार सुमारे ७ टक्क्यांचा, म्हणजे दर १०० फुटांमागे ७ फूट खाली जाणारा, आणि लांबलचक आहे. ब्रेक निकामी झालेल्या ट्रकांसाठी तेथे खडीचे चढते रस्ते बांधलेले आहेत. त्यांच्या पाट्या दिसल्या की हा उतार खालच्या गिअरमध्ये उतरायचा आहे, असे समजावे.

जावयांना दोन गोष्टी आवर्जून सांगा. ॲस्पेनला जाण्यासाठी नकाशा इंडिपेंडन्स खिंड सुचवू शकेल. ती १२,०९५ फुटांवर आहे आणि तेथे जोडगाडीची एकूण लांबी ३५ फुटांपेक्षा जास्त असल्यास मनाई आहे. २४ फुटांच्या ट्रेलरला पिकअप जोडल्यावर ती मर्यादा ओलांडली जाते. त्यांनी ग्लेनवुड स्प्रिंग्जमार्गे जावे. ग्लेशियरमधील गोइंग-टू-द-सन रस्त्याच्या डोंगरी भागात २१ फुटांपेक्षा लांब किंवा ८ फुटांपेक्षा रुंद वाहनाला प्रवेश नाही आणि या लांबीत ट्रेलरही मोजला जातो. ट्रेलर तळावर सोडून केवळ पिकअपने जायचे ठरले, तरी आधी पिकअपची लांबी मोजावी, कारण काही मोठ्या पिकअप २१ फुटांच्या जवळ जातात. ती बसत नसेल तर उद्यानाची बस किंवा लहान गाडी घ्यावी.

प्रश्न : वडिलांना गुडघ्याचा त्रास आहे. कॅराव्हॅनमध्ये पलंग आहेच, तर घाटात त्यांना आडवे पडून येऊ द्यावे का?
(एक वाचक, जुळे सोलापूर)

उत्तर : मुळीच नाही. धावत्या ट्रेलरमध्ये सपाट रस्त्यावरही कोणी बसू नये, घाटात तर नाहीच. ट्रेलर हलला किंवा सुटला तर आतल्या माणसाला धरायला काही नसते आणि पुढे बसलेल्यांना त्याची हाकही ऐकू येत नाही. वडिलांना गाडीत पुढच्या सीटवर बसवावे, सीट मागे सरकवून पाय लांब करता येतील असे करावे आणि तासा-दीड तासाने थांबून त्यांना चार पावले चालू द्यावे. त्या थांब्यातच चाकांजवळ हात नेऊन ती तापली आहेत का, हेही पाहून घ्यावे.