ड्रॅग कारला १५० एचपीचा नायट्रस शॉट (जादा ताकदीसाठी इंजिनात सोडायचा नायट्रस ऑक्साइड), बाटली डिकीत: फीड लाइन ४ एएन घेऊ की ६ एएन?

४ एएन पुरेल. साधारण २५० एचपीच्या पुढे गेलात, किंवा एकाच बाटलीवर दोन टप्पे चालवणार असाल, तरच ६ एएन घ्या. एएन हे नळीच्या जाडीचं माप, आणि हा आकडा इंचाच्या सोळाव्या भागात असतो: ४ म्हणजे पाव इंचाची नळी, ६ म्हणजे ३/८ इंचाची.

नायट्रस किती जायचा ते जेट, म्हणजे लाइनच्या टोकाचं बारीक भोक, ठरवतो. लाइन अरुंद पडली की तिच्यातच दाब घसरतो, द्रव उकळतो, जेटपर्यंत निम्मा वायूच पोचतो आणि मिश्रण रिच होतं, म्हणजे त्यात इंधन जास्त पडतं. उगाच जाड घेतली तर भरायला वेळ लागतो, मग पर्ज व्हॉल्व्ह (लाइनमधला वायू आधी बाहेर सोडणारा) हवाच.

पण नागपुरात मला खरी काळजी बाटलीची वाटते. ३६.४ अंशांच्या वर नायट्रस द्रव राहतच नाही, दाब कितीही असो. मे महिन्यात आपल्याकडे सावलीतच ४५ अंश होतात, बंद डिकीचं तर विचारूच नका. तिथे ६ एएन लावूनही उपयोग नाही. बाटली सावलीत, ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा. आपली हवा कोरडी, त्यामुळे बाटली छान गार होते. गेजवर ९०० ते ९५० पीएसआय दिसले की रन घ्या. लाइन मात्र एक्झॉस्टपासून लांबूनच न्या.