‘थँक्यू’ पाठ होतं, जाण कशी येईल?

सात वर्षांचा मुलगा आणि चार वर्षांची मुलगी ‘थँक्यू’ पटकन म्हणतात, पण मनातून काही येत नाही, असं तुम्ही लिहिलंय. आमच्याकडेही हेच होतं. मी रोज रात्री वहीत तीन चांगल्या गोष्टी लिहायला लावायचे. आठ दिवसांत त्याचा गृहपाठ झाला, मग बंद केलं.

मार्ग सापडला गुलाबाईत, म्हणजे मुलींच्या भोंडल्यासारख्या गाण्यांच्या सणात. गाणी संपली की झाकलेला डबा हलवून खाऊ ओळखायचा असतो ना, तसा आम्ही रात्री जेवताना माणूस ओळखतो. आज आपल्यासाठी ज्यानं काही केलं तो मनात धरायचा, बाकीच्यांनी प्रश्न विचारायचे. धाकटी एकदा म्हणाली, “त्याच्या हाताला काळं लागलेलं असतं.” आम्ही सगळे हरलो. शाळेतून येताना तिच्या सायकलची चेन बसवून देणारे कोपऱ्यावरचे काका होते ते! दुसऱ्या दिवशी ती आपणहून त्यांना दोन पेरू देऊन आली. मी सांगितलं नव्हतं.

भरिताच्या दिवशी वांगी मुलांसमोर भाजा. वांगं कुणी पिकवलं, जाळायला काड्या कुणी आणल्या, कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या) भाकरीचं पीठ कुणी दळून आणलं, असं मागे मागे जात राहा. पोरं थांबतच नाहीत.

शेजारून ताट आलं तर ते रिकामं परत जात नाही, ही आपल्या आज्यांची रीत मुलांच्या हाती द्या. काय भरायचं ते त्यांनीच ठरवायचं, मग चार बिबडे (ज्वारीचे पापड) का असेनात.

एक मात्र कळकळीनं सांगते: “कितीतरी मुलांना हेसुद्धा मिळत नाही” असं जेवताना म्हणू नका. त्यानं मूल खजील होतं, घास अडतो. त्यापेक्षा आपणच त्याला म्हणावं, “तू आजोबांचा चष्मा शोधून दिलास, त्यांना पेपर वाचता आला.”

आणि जमलं तर पोळ्याच्या आदल्या दिवशी गावी जा. खांदमळणीला, म्हणजे बैलांचे खांदे चोळायच्या वेळी, मुलांच्या हाती कोमट पाणी, हळद आणि तूप द्या. जू बसून बसून बैलाच्या खांद्याची कातडी जाड झालेली असते. माझ्या मुलानं तिथं हात ठेवला आणि विचारलं, “आई, याला दुखतं का गं?” मग बराच वेळ तो एकटाच तूप चोळत बसला होता.