बॅकनेट ड्रायव्हर तपासायला स्वस्तात काय घ्यावं?

तुम्ही बॅकनेट आणि मॉडबस (इमारतींतली आणि कारखान्यांतली उपकरणं ज्या भाषांत एकमेकांशी बोलतात त्या) यांचा ओपन सोर्स ड्रायव्हर लिहिताय, पण एसी, दिवे सांभाळायला इमारतीत बसवतात तसा कंट्रोलर परवडत नाही, असा प्रश्न आहे. आधी काहीच विकत घेऊ नका. बॅकनेट आयपी साध्या यूडीपीवर, म्हणजे नेहमीच्या नेटवर्कवरच चालतं, पोर्ट ४७८०८. स्टीव्ह कार्ग यांच्या ‘बॅकनेट स्टॅक’ या ओपन सोर्स कोडमधला नमुना सर्व्हर जुन्या रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर चालवा आणि तुमचा ड्रायव्हर लॅपटॉपवर. ड्रायव्हरच्या ‘हू-इज’ (कोण आहे?) या हाकेला सर्व्हरचं ‘आय-ॲम’ (मी आहे) हे उत्तर आलं की सुरुवात झाली.

खरा कस लागतो एमएसटीपीला, म्हणजे आरएस ४८५ च्या तारांवर चालणाऱ्या बॅकनेटला. त्यासाठी दोन यूएसबी-आरएस ४८५ अडॅप्टर घ्या. मुंबईत लॅमिंग्टन रोडला मिळतील. तारेच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा रेझिस्टर लावा. अडॅप्टरमध्ये एफटीडीआय कंपनीची चिप असेल तर एक गोष्ट नक्की बघा: लिनक्सवर तिचा लेटन्सी टायमर (आलेला डेटा संगणकाकडे पाठवण्याआधी चिप थांबते तो वेळ) मुळात १६ मिलिसेकंदांचा असतो, आणि टोकन, म्हणजे बोलायची पाळी, हाती आल्यावर नोडला (तारेवरच्या उपकरणाला) १५ मिलिसेकंदांत बोलावं लागतं. मी दोन रात्री स्वतःच्या कोडमधली चूक शोधत बसलो होतो. टायमर १ वर आणला आणि टोकन फिरायला लागलं!

मॉडबससाठी आरएस ४८५ असलेला साधा एनर्जी मीटर पुरे. व्होल्टेज भलतंच दिसलं तर तो आकडा ज्या दोन रजिस्टरांत (मीटरच्या मेमरीतल्या कप्प्यांत) असतो त्यांचा क्रम उलटा करून पाहा. मीटरला २३० व्होल्ट जोडायचं काम मात्र इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या.

जुना कंट्रोलर स्वस्तात मिळाला, तरी पैसे देण्याआधी त्याचं कॉन्फिगरेशन सॉफ्टवेअर मिळेल का ते विचारा. तारेवरचा पत्ता आणि बॉड रेटच (डेटा पाठवायचा वेग) बदलता येत नसेल तर घेऊ नका.