ड्रॅगन, प्रेम आणि झाकून ठेवलेलं ताट

मागच्या अंकात मी सहज लिहून गेले की फॅन्टसी रोमान्समध्ये मला हिरोपेक्षा त्याची मित्रमंडळी जास्त आवडतात, त्यावर एवढे मेल येतील असं खरंच वाटलं नव्हतं. बहुतेक सगळे 'फाउंड फॅमिली'बद्दल, म्हणजे रक्ताचं नातं नसलेली माणसं एकमेकांचं घर होऊन बसतात त्या ट्रोपबद्दल (गोष्टींत पुन्हा पुन्हा येणारा ठरलेला साचा). चार घेतलेत, बाकीच्यांनी रागावू नका.

प्रश्न : मी २४ वर्षांची, मूळची लातूरची. सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहते, स्पर्धा परीक्षेची तयारी करते आणि रात्री अभ्यासिकेतून आले की रोमँटसी, म्हणजे फॅन्टसी रोमान्स, वाचते. प्रॉब्लेम असा की हिरो-हिरोइनचा रोमँटिक सीन आला की मी पानं उलटते, आणि सगळे मित्र एका टेबलाभोवती जेवायला बसले की मला रडू येतं. रूममेट हसतात. माझं काही चुकतंय का? आणि फाउंड फॅमिलीला मराठीत काय म्हणायचं?

उत्तर : अगं चुकतंय कसलं, तू बरोबर जागी रडतेयस! ते जेवण लिहिणाऱ्याने उगाच नाही ठेवलेलं. सारा जे. मासच्या 'अ कोर्ट ऑफ थॉर्न्स अँड रोझेस' सिरीजचंच बघ, कारण तुझ्या मेलमध्ये तीच आहे. पहिल्या पुस्तकात (२०१५) हिरोइन फेरा जंगलात शिकार करते, बाप आणि दोन बहिणी तिच्या जिवावर जेवतात आणि तू जेवलीस का हे तिला कुणी धड विचारत नाही. दुसऱ्या पुस्तकात (२०१६) ती रिसँडच्या, म्हणजे हिरोच्या, माणसांबरोबर जेवायला बसते तेव्हा ते लोक एकमेकांची खेचत असतात, वाद घालत असतात, आणि पहिल्यांदाच त्या टेबलावर कुणाचंही पोट तिच्यावर अवलंबून नसतं. प्रेम वगैरे होईल तेव्हा होईल, पण ह्या बाईने पाठ टेकली ती इथे. मला तर वाटतं रिसँड तिला आवडायला लागतो त्यात निम्मा वाटा त्या चार टवाळ लोकांचा आहे, कारण माणूस एकटा असताना कसाही गोड वागू शकतो, जुन्या मित्रांसमोर नाही वागता येत.

आणि कॉट बेसिसवर राहणाऱ्या पोरीला हे लागणारच. मी २००१ साली नारायण पेठेत एका वाड्यात राहायचे, एका खोलीत चार कॉट, एक दोरी आणि त्या दोरीवरून रोज भांडण. जळगावची एक मुलगी होती, तिचं न् माझं अजिबात पटायचं नाही. मी प्रेसमध्ये प्रूफं तपासायचे, एकदा अंक अडकला, यायला साडेदहा झाले, मेस बंद, घरमालकीणबाईंनी दार उघडताना ऐकवलं ते वेगळंच. खोलीत आले तर माझ्या कॉटखाली ताटावर ताट पालथं घातलेलं. दोन गार पोळ्या, शेंगदाण्याची चटणी, अर्धा कांदा. खाली चिठ्ठी, "अर्धा मी खाल्लाय, उष्टा नाही, कापूनच घेतला." ती झोपली होती, किंवा झोपल्याचं सोंग करत होती. दुसऱ्या दिवशी दोरीवरून परत भांडलोच, पण आता भांडण वेगळं होतं, म्हणजे माझे ओले कपडे ती बाजूला सारायची पण खाली टाकायची नाही.

मराठी शब्द म्हणशील तर मानलेला भाऊ, धर्माची बहीण हे आहेतच, पण त्यांना जरा राखीपौर्णिमेचा वास येतो. 'सापडलेलं कुटुंब' म्हटलं तर रस्त्यात पाकीट सापडल्यासारखं वाटतं. मी 'जोडलेली माणसं' म्हणते. आपल्याकडे आजीसुद्धा म्हणते ना, ह्याने माणसं जोडली. त्यात मेहनत दिसते.

प्रश्न : मी वाकडला राहतो, आयटीत आहे, वय ३१. ऑनलाइन क्रमशः फॅन्टसी रोमान्स कादंबरी लिहितोय. शापित राजपुत्र, वैद्य असलेली हिरोइन आणि राजपुत्राचे पाच जिवलग मित्र. वाचक कमेंट करतात की पाचही मित्र एकसारखे वाटतात, नावं झाकली तर कोण बोलतंय कळत नाही. मी प्रत्येकाला वेगळी शक्ती दिली आहे तरी असं का? तीन भाग जोडतोय, स्पष्ट सांगा.

उत्तर : तिन्ही भाग वाचले. स्पष्ट म्हणालास म्हणून सांगते, ते मित्र नाहीत रे, ते वऱ्हाड आहे. नवरदेवाच्या मागे नाचायचं, नवरी आली की "वहिनी वहिनी" करायचं आणि कुणी अंगावर आलं की तलवारी काढायच्या. एक आग काढतो, एक सावलीतून चालतो, पण दोघांना हवं काय आहे? दोघांनाही राजपुत्र सुखी हवाय. शक्ती वेगळी दिलीस पण इच्छा एकच दिलीस, आवाज वेगळा येणार कुठून.

तुझे पाच, राजपुत्र आणि वैद्य मिळून सात जण. सात जणांत जोड्या किती होतात? २१. तुझ्या तीन भागांत मला त्यातल्या सहाच दिसल्या आणि सगळ्या राजपुत्राला धरून. एकवीसच्या एकवीस लिहू नकोस, वाचक पळून जाईल, पण निदान तीन-चार अशा हव्यात ज्यांना हिरोशी काही देणंघेणं नाही. सावलीवाला आणि आगवाला एकाच मुलीवरून भांडलेत का? का एकाने दुसऱ्याचे पैसे बुडवलेत? एकाच्या आईच्या तेराव्याला दुसरा आलाच नव्हता असं काही? सगळ्यांचं सगळ्यांशी पटतं असा ग्रुप मी आजवर बघितलेला नाही, गणपती मंडळात तर नाहीच नाही.

एक सोपा प्रयोग कर. हिरो-हिरोइनला गावाबाहेर पाठव आणि पाचांतल्या दोघांना एका कामाला बसव, खोगीर शिवायला, भाकऱ्या थापायला, काहीही. चार पानं लिही. दुसऱ्या पानावर ते परत राजपुत्राबद्दलच बोलायला लागले तर समज की त्या दोघांची ओळखच झालेली नाही, तू फक्त शेजारी उभं केलंयस.

दुसरं म्हणजे ते आधीपासूनच जिवलग आहेत. 'लहानपणापासूनचे मित्र' एवढं लिहून तू मोकळा झालास आणि सगळ्यात रसाळ भाग वाचकाच्या हाती लागलाच नाही. ली बार्डुगोची सहा जणांची टोळी आठव (सिक्स ऑफ क्रोज, २०१५). ते मैत्रीसाठी जमत नाहीत, तीन कोटी क्रुगेंच्या (क्रुगे म्हणजे तिथलं चलन) सुपारीसाठी जमतात, त्यातल्या दोघांचं तर उघड वैर असतं. एकमेकांचा जीव वाचवता वाचवता, खरंतर एकमेकांवर चिडता चिडता ती सहा माणसं जोडली जातात आणि आपण ते जोडणं डोळ्यांनी बघतो. मासच्या सिरीजमध्ये मैत्री पाचशे वर्षांची आहे हे कबूल, पण तिथेही बाईने पुरावे पेरलेत, रिसँड आणि त्याचे दोन योद्धे मित्र दरवर्षी डोंगरावरच्या झोपडीत जाऊन बर्फाचे गोळे मारत लहान पोरांसारखी लढाई करतात आणि कोण कितीदा जिंकलं त्याचा हिशोब ठेवतात. तुझ्या पाचांचा असा एक तरी येडा रिवाज मला दाखव.

आणि एकाने तरी राजपुत्राला 'नाही' म्हणायला हवं. मनापासून, किंमत मोजून. ह्या बाबतीत आपल्याकडे दुर्योधन-कर्ण बसलेलेच आहेत. रंगमंडपात सगळे कुळ विचारत असताना एकटा दुर्योधन उठतो आणि अंगदेशाचं राज्य देतो, मैत्री तिथे सुरू होते आणि कर्जही तिथेच सुरू होतं. पुढे कर्णाला ती मैत्री सोडताच येत नाही. तुझ्या कादंबरीत राजपुत्राने पाचांनाही कधी ना कधी वाचवलंय, मग ते त्याच्याबरोबर प्रेमाने आहेत का उपकाराने? हा प्रश्न तुझ्या गप्प बसणाऱ्या चौथ्या मित्राला पडू दे. बघ तो कसा बोलायला लागतो.

जाता जाता, प्रत्येक मित्राला एकेक पुस्तक द्यायचा तुझा प्लॅन आहे हे वाचताना कळतं. रोमान्स सिरीजमध्ये ही पद्धतच आहे, ह्या भागातला मित्र पुढच्या भागातला हिरो, त्यात काही वाईट नाही. पण आत्ता ते सगळे पुढच्या मुहूर्ताची मंडळी हॉलबाहेर ताटकळतात तसे उभे दिसतात. त्यांना जेवायला तरी बसव.

प्रश्न : माझी मुलगी १३ वर्षांची आहे, आम्ही कोथरूडला असतो. ती सतत असली इंग्रजी फॅन्टसी वाचते. मी चाळून पाहिलं तर प्रत्येक पुस्तकात आईवडील एकतर मेलेले नाहीतर दुष्ट, आणि मित्र म्हणजे देव. ह्याने घरच्यांबद्दल मनात अढी बसणार नाही का?

उत्तर : ताई, लेखक आईवडिलांना मारून टाकतात कारण ते जिवंत असले तर सोळा वर्षांच्या पोरीला ड्रॅगनवर बसू देणार नाहीत, गोष्ट पहिल्याच पानावर संपेल. हे निम्मं उत्तर झालं.

उरलेलं निम्मं असं की ही कल्पना गमतीतून आलेली नाही. कॅथ वेस्टन नावाच्या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी सॅन फ्रान्सिस्कोतल्या समलिंगी स्त्री-पुरुषांमध्ये राहून अभ्यास केला आणि १९९१ साली 'आम्ही निवडलेली कुटुंबं' अशा अर्थाच्या नावाचं पुस्तक काढलं. त्यातल्या कितीतरी लोकांना जन्माच्या घराने दार लावलं होतं किंवा लावेल अशी धास्ती होती, त्यांनी मित्रांचंच घर केलं, आजारपणात उशाशीही तेच बसले. आज फॅन्टसी वाचणारी पोरं ज्याला फाउंड फॅमिली म्हणतात त्याच्या मागे हेही आहे. म्हणजे घरच्यांचा राग शिकवायला कुणी हे काढलेलं नाही.

आणि आपल्याला हे काही नवीन आहे का हो? उद्योगपर्वात कृष्ण कर्णाला सांगतो की तू कुंतीचा मुलगा, सगळ्यात मोठा, चल, राज्य तुझं. कर्ण काय उत्तर देतो? तो म्हणतो, मला पाहताच राधेला पान्हा फुटला, माझं मलमूत्र तिने काढलं, तिचा पिंड मी कसा नाकारू. तत्त्वज्ञान नाही, शी-शू काढल्याचा हिशोब! जन्माचं घर, तेही राजघराणं, समोर चालून आलेलं असताना माणूस राधेय राहतो. हे आपण पोरांना लहानपणीच सांगतो आणि त्याने कुणाच्या मनात आईबद्दल अढी बसल्याचं मी ऐकलेलं नाही.

तुमची काळजी मी दुसरीकडे वळवते. तेराव्या वर्षी 'कुठलं' पुस्तक हातात आहे ते जरूर बघा. वर म्हटलेली मासची सिरीज सुरुवातीला किशोरांसाठी म्हणून विकली गेली, पण पुढच्या भागांतले शृंगाराचे प्रसंग चांगलेच उघड आहेत आणि २०२० मध्ये प्रकाशकाने नवी कव्हरं घालून ती मोठ्यांच्या विभागात हलवली. दुकानात मात्र अजूनही शाळेच्या पोरांच्या पुस्तकांशेजारी मांडलेली मी स्वतः पाहिलीय. हिसकावून घेऊ नका, तसं केलंत तर ती मैत्रिणीच्या फोनवर वाचेल. त्याऐवजी डायना विन जोन्सचं हाउल्स मूव्हिंग कॅसल द्या, १९८६ चं आहे. सोफी नावाची मुलगी शापाने म्हातारी होते आणि एका नखरेल जादूगाराच्या चालत्या घरात मोलकरीण म्हणून स्वतःच घुसते, तिथे एक शिकाऊ पोरगा आणि चुलीतला कुरकुऱ्या अग्निराक्षस, झालं घर तयार. आणि तुमच्यासाठी खास, त्यातली सावत्र आई दुष्ट नाही. आधी तुम्ही वाचा, मग मुलीला द्या, नाहीतर उलटं करा.

प्रश्न : आम्ही पाच मैत्रिणी कॉलेजपासून एकत्र वाचतो, एक पुस्तक विकत घेऊन पाचजणी फिरवतो. आता एकीचं लग्न होऊन ती नाशिकला गेली आणि ग्रुपवर फक्त गुड मॉर्निंग येतंय. पुस्तकांतले ग्रुप का तुटत नाहीत?

उत्तर : कारण त्यांची बदली होत नाही, सासू नसते आणि त्यातले बरेचसे अमर असतात. पाचशे वर्षं हाताशी असली की एखादं वर्ष फोन नाही केला तरी चालतं, आपल्याला नाही चालत.

फिरवायचं पुस्तक आता कुणाकडे आहे? ते घ्या, समासात पेन्सिलीने चौघींनी आपापलं भांडण लिहा (हिरोला शिव्या चालतील) आणि पाचवीला नेऊन द्या. कुरियरने पाठवू नका. शिवाजीनगरहून नाशिकची गाडी पकडा, पाच-सहा तास लागतील, डबा घ्या. एसटीत २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे.