पुढचं मॉड्यूल कुठलं घेऊ? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

यावेळी युरोरॅकवर (छोटी मॉड्यूल्स एका केसमध्ये बसवून केबलींनी जोडायचा सिंथेसायझर) बरीच पत्रं आलीत आणि बहुतेकांचा रोख एकच, केसमध्ये थोडी जागा उरलीये तर आता काय बसवू. त्यातली चार घेतलीयेत. पहिल्याला जास्त जागा दिलीये कारण बाकीच्या बऱ्याच जणांचं उत्तर त्यातच येतं.

प्रश्न: ताई, माझी 84 एचपीची (एचपी म्हणजे मॉड्यूलची रुंदी मोजायचं एकक) केस आहे. दोन ऑसिलेटर (सूर तयार करणारे), एक फिल्टर, एक एडीएसआर (नोट कशी चढते-विझते ते ठरवणारं एन्व्हलप), एक व्हीसीए (व्होल्टेजने चालणारा अ‍ॅम्प्लिफायर), एक एलएफओ (सावकाश हेलकावणारं व्होल्टेज देणारा), आठ स्टेपचा सिक्वेन्सर (नोटा क्रमाने वाजवणारा), डिले (प्रतिध्वनी) आणि आऊटपुट एवढं बसवलंय, 22 एचपी शिल्लक आहेत. प्लेट्स (एक ऑसिलेटर मॉड्यूल) घ्यायचं डोक्यात आहे, म्हणजे तिसरा आवाज मिळेल, आणि उरलेल्या जागेत अजून एखादा इफेक्ट. पण खरं सांगायचं तर आत्तासुद्धा जे वाजवतो ते थोड्या वेळाने सारखंच वाटायला लागतं, लूप फिरत राहतो आणि मी नुसता फिल्टरचा नॉब फिरवत बसतो. घेऊ का प्लेट्स?

उत्तर: आत्ता नको. प्लेट्स फार सुंदर मॉड्यूल आहे, 12 एचपीत इतके वेगवेगळे आवाज देणारं दुसरं पटकन सुचत नाही, पण तुमची अडचण आवाज कमी आहेत ही नाहीच. ती तुमच्याच पत्रात लिहिलेली आहे, "नुसता फिल्टरचा नॉब फिरवत बसतो". म्हणजे बदल करायला तुमचा हात लागतोय, सिस्टम स्वतः काही बदलत नाहीये. तिसरा आवाज आणलात तर तोही त्याच एका एन्व्हलपवर आणि त्याच एका व्हीसीएतून जाणार आणि महिनाभरात तोही सारखाच वाटायला लागणार.

तुमच्याकडे व्हीसीए एकच आहे आणि तो आवाज चालू-बंद करण्यात अडकलाय. व्हीसीए फक्त आवाज कमीजास्त करायला असतो असं बहुतेक जण धरून चालतात, पण एका व्होल्टेजने दुसऱ्या व्होल्टेजला किती जाऊ द्यायचं हे ठरवणं हे त्याचं खरं काम, आणि मॉड्युलरची सगळी मजा तिथेच आहे. एक पॅच, म्हणजे केबलींची जोडणी, सांगते. एलएफओ दुसऱ्या एका व्हीसीएच्या इनपुटला द्या, त्याच्या सीव्हीला (नियंत्रण करणाऱ्या व्होल्टेजच्या इनपुटला) हळू चढणारं एन्व्हलप द्या आणि आऊटपुट ऑसिलेटरच्या एफएम इनपुटला (जिथून सूर हलवता येतो) थोडंसंच द्या. आता सूर आधी सरळ लागतो आणि धरून ठेवला तर कंप नंतर येतो, गाणारा माणूस करतो तसा. किंवा एन्व्हलप फिल्टरला थेट न देता व्हीसीएतून द्या आणि त्या व्हीसीएला एक अगदी सावकाश एलएफओ लावा, म्हणजे तोच आठ स्टेपचा लूप मिनिटभरात बंद-बंद आवाजापासून उघड्या आवाजापर्यंत जातो आणि परत येतो, आणि तुमचे दोन्ही हात मोकळे राहतात. आता यासाठी व्हीसीए डीसी कपल्ड हवा, नाहीतर सावकाश व्होल्टेज त्यातून पुढे जातच नाही, आणि सीव्हीसाठी लिनिअर प्रतिसादाचा बरा पडतो. एक्स्पोनेन्शियल आवाजासाठी छान, नोट विझताना कानाला नैसर्गिक वाटते.

दुसरी गोष्ट अटेन्युवर्टर. नॉब मधे असला की शून्य, उजवीकडे नेला की व्होल्टेज जसंच्या तसं वाढत जातं, डावीकडे नेला की उलटं होऊन. तुमचं एकच एन्व्हलप आहे ना, ते सरळ फिल्टरला द्या आणि उलटं करून डिलेच्या मिक्सला द्या. डिलेच्या मिक्सचा नॉब आधी वर ठेवायचा, कारण उलटं व्होल्टेज त्यातून वजा होतं. मग नोट जोरात असताना डिले मागे सरतो आणि नोट विझायला लागली की प्रतिध्वनी पुढे येतो. कॉम्प्रेसर साइडचेन लावून (एका आवाजाने दुसरा दाबून) लोक जे करतात तेच, इथे एका केबलमध्ये.

तर 22 एचपीत मी काय बसवेन: इंटेलिजेलचा क्वाड व्हीसीए 12 एचपी, हॅपी नर्डिंगचं थ्री एक्स मिया 6 एचपी (यात अटेन्युवर्टर, ऑफसेट म्हणजे व्होल्टेज वर-खाली सरकवणं, आणि मिक्सिंग सगळं येतं) आणि डॉप्फरचं ए-118-2, ते 4 एचपीत नॉइज (खरखर) आणि सॅम्पल अँड होल्ड (त्या त्या क्षणाचं व्होल्टेज पकडून धरून ठेवणं) देतं. बरोब्बर 22. एकदम तिन्ही घ्यायची गरज नाही, क्वाड व्हीसीए आधी घ्या आणि दोनतीन आठवडे त्याच्यावरच काढा.

पुष्कळ जण तुम्हाला मॅथ्स घ्या म्हणून सांगतील आणि ते चुकीचं सांगत नाहीयेत. मेक नॉइजचं हे मॉड्यूल 20 एचपी घेतं, पहिला आणि चौथा चॅनल म्हणजे राइज-फॉल (चढ-उतार) असलेले फंक्शन जनरेटर, त्यांचं एन्व्हलप होतं, सायकल चालू केलं की एलएफओ होतो, सिक्वेन्सरचं व्होल्टेज आत दिलं तर मींड लागते, मधले दोन चॅनल अटेन्युवर्टर आणि ऑफसेट, शिवाय सगळ्यांची बेरीज वेगळ्या जॅकवर मिळते. या विचाराचं मूळ 1970 च्या दशकातल्या सर्ज या सिंथेसायझरच्या मॉड्यूल्सपर्यंत जातं आणि आजही ते जुनं वाटत नाही. पण त्यात व्हीसीए नाही! तुमचा एकच एक व्हीसीए एकच राहील आणि केसही भरून जाईल. मोठी केस झाली की पहिलं मॅथ्स घ्या, आत्ता नाही.

अजून एक. पॅच करताना शेजारी कागद ठेवा आणि जेव्हा जेव्हा "इथे अमुक असतं तर" असं वाटेल तेव्हा ते लिहून ठेवा, फक्त गरज लिहायची, मॉड्यूलचं नाव नाही. "हे उलटं करायचं होतं", "दोन एन्व्हलप एकत्र करायची होती", "याला क्लॉकच्या (ठेका देणाऱ्या ठोक्यांच्या) निम्म्या वेगाने चालवायचं होतं" असं. व्हिडिओ बघून केलेल्या यादीपेक्षा ही यादी फार वेगळी निघते.

प्रश्न: माझ्या पॉवर सप्लायवर +12 व्होल्टला 1200 मिलीअँप लिहिलंय. आत्ताची सगळी मॉड्यूल्स मिळून 820 होतात. एक मोठं डिजिटल मॉड्यूल मिळतंय, ते एकटंच 180 घेतं. 1000 म्हणजे 1200 च्या आतच आहे ना? जागा पण आहे.

उत्तर: बेरीज बरोबर आहे पण मी बसवणार नाही. पॉवर सप्लायच्या आकड्याच्या साधारण तीन चतुर्थांशापर्यंत थांबावं या मताची मी आहे, तुमच्या बाबतीत ते 900 येतं. कारण मॉड्यूल्स चालू होतानाच्या क्षणी नेहमीपेक्षा जास्त करंट ओढतात, डिजिटल तर विशेष, आणि बंद केसमध्ये उष्णता वाढली की सप्लाय त्याच्या पूर्ण आकड्यावर आरामात चालत नाही. तुटवडा पडला की काय होतं ते ओळखून ठेवा: केस चालू केली की एखादं मॉड्यूल सुरूच होत नाही किंवा मधेच रीस्टार्ट होतं, ऑसिलेटरचा सूर सरकतो, शांततेत बारीक किणकिण ऐकू येते. लोक मग ऑसिलेटर खराब आहे म्हणून तो बदलत बसतात.

-12 ची बेरीज वेगळी करा, तो आकडा बरेच जण बघतच नाहीत आणि कधीकधी तिथला सप्लाय छोटा असतो. काही मॉड्यूल्सना +5 पण लागतो.

आणि नवीन मॉड्यूल लावताना केसची वीज पूर्ण बंद, रिबन केबलची लाल कड -12 च्या बाजूला. पण नुसत्या लाल रंगावर भरवसा ठेवू नका, मॉड्यूलच्या मागे बोर्डवर छापलेलं वाचा आणि बस बोर्डवरचंही (केसमधली वीज वाटणारी पट्टी) वाचा, दोन्ही जुळल्यावरच वीज चालू करा. उलटी केबल लागली तर संरक्षण नसलेलं मॉड्यूल क्षणात जळतं.

प्रश्न: सिक्वेन्सरचा पिच (सूर ठरवणारं व्होल्टेज) साध्या मल्टने (एक सिग्नल अनेक ठिकाणी वाटणारा जोड) दोन ऑसिलेटरना देतोय. दुसऱ्याची केबल लावली की पहिल्याचाही सूर उतरतो! दोघं एकमेकांशी बऱ्यापैकी जुळतात पण बाकी रेकॉर्डिंगशी बेसूर. ऑसिलेटर खराब आहे का?

उत्तर: ऑसिलेटर ठीक आहे, मल्टमुळे होतंय. एक ऑक्टेव्ह म्हणजे एक व्होल्ट, म्हणजे एक सेमीटोन जेमतेम 83 मिलीव्होल्ट, त्यामुळे अगदी थोडं व्होल्टेज गळलं तरी कानाला कळतं. समजा सिक्वेन्सरच्या आऊटपुटला 1 किलोओहम रेझिस्टन्स आहे आणि प्रत्येक ऑसिलेटरच्या इनपुटला 100 किलोओहम. 3 व्होल्टच्या नोटवर एका ऑसिलेटरला 30 मिलीव्होल्ट कमी पोचतात, दुसरा लावला की घट जवळपास 59 होते, म्हणजे दुसऱ्या केबलनेच सूर साधारण 35 सेंट (सेमीटोनचा जवळपास एक तृतीयांश) खाली गेला. खालच्या नोटला घट कमी, वरच्या नोटला जास्त, म्हणून नुसतं ट्यून करून भागत नाही, एक ऑक्टेव्ह जुळवाल तर दुसरा सुटेल. दोन्ही ऑसिलेटरना व्होल्टेज मात्र एकच पोचतं, म्हणून ते आपसात जुळलेले राहतात.

बफर्ड मल्ट घ्या (यात व्होल्टेज न गळता प्रत्येकाला तसंच पोचतं), दोन ते चार एचपीत मिळतो. साधा मल्ट फेकू नका, गेट (नोट चालू-बंद करणारा सिग्नल), क्लॉक आणि एलएफओसाठी तो उत्तम चालतो. जिथे व्होल्टेज पिच ठरवतं तिथेच बफर लागतो. काही सिक्वेन्सरचे आऊटपुट ही घट स्वतःच भरून काढतात, तुमच्याचा तसा नाही हे तुमच्या कानांनी सांगितलंच आहे.

प्रश्न: म्युटेबल इन्स्ट्रुमेंट्स (प्लेट्स काढणारी कंपनी) बंद झाली ना, मग त्यांची मॉड्यूल्स सेकंडहँडच शोधायची का? आणि इतरांनी केलेली छोटी 8 एचपीवाली चालतील का, जागा वाचते.

उत्तर: सेकंडहँडच शोधायला हवं असं अजिबात नाही. एमिली जिले यांनी आपली ही कंपनी 2022 मध्ये बंद केली, पण मॉड्यूल्सची डिझाइन्स आणि कोड खुले ठेवलेले आहेत, त्यामुळे प्लेट्ससारखी मॉड्यूल्स आज बरेच जण बनवतात आणि आतला आवाज तोच असतो. यात त्यांच्याविषयी मला फार आदर वाटतो, इतकं मोठं काम असं सगळ्यांच्या हाती देणारे थोडे.

छोटी आवृत्ती घेताना एवढंच बघा की वाजवताना त्या मॉड्यूलला किती हात लावणार आहात. एकदा सेट करून सीव्हीने चालवायचं असेल तर 8 एचपी मस्त. पण नॉब फिरवत वाजवायचं असेल तर मोठंच घ्या, केबलींच्या गर्दीत बोटं शिरत नाहीत आणि बारीक नॉबवर नेमकी जागा सापडत नाही.

घ्यायच्या आधी व्हीसीव्ही रॅक हे सॉफ्टवेअर वापरून बघा, फुकट आहे. त्यात म्युटेबलच्या मॉड्यूल्सच्या आवृत्त्या वेगळ्या नावांनी आहेत, प्लेट्स तिथे मॅक्रो ऑसिलेटर 2 म्हणून सापडेल, आणि मॅथ्सच्या जातीचं बेफाकोचं रॅम्पेज पण आहे. स्वतःच्या केसमध्ये आहेत तेवढ्याच प्रकारची मॉड्यूल्स आधी स्क्रीनवर मांडा, मग हवं असलेलं एकच वाढवा आणि आठवडाभर तेवढ्यावरच पॅच करा.