बिल कोण भरतंय?

प्रिय,

फोनवर बोलणं अर्धवट राहिलं म्हणून लिहितोय. शिक्षणमहर्षींच्या एकसष्टीच्या वर्तमानपत्री पुरवणीचा मजकूर तुझ्याकडे लिहायला आलाय. रक्तदान शिबिरं खरी, वह्यावाटप खरं, मुलींचं वसतिगृहही खरं. ‘मग काका, मला खटकतंय काय?’ असं तू विचारलंस.

खटकतंय ते बरंच आहे. पण तू एकेक वाक्य खरं की खोटं एवढंच तपासत बसलीस. एकही वाक्य खोटं न लिहिता माणूस पार बदलून दाखवता येतो, आणि चांगला पीआरवाला खोटं लिहितच नाही. तू एकच विचार: बिल कोण भरतंय?

सहारा समूहाचा मालक सुब्रत रॉय आठव. २००१ ते २०१३ भारतीय क्रिकेट संघाच्या छातीवर ‘सहारा’ होतं. लोणावळ्याजवळ अ‍ॅम्बी व्हॅली. मालक स्वतःला ‘मॅनेजिंग वर्कर’ म्हणवायचा, लोक त्याला ‘सहाराश्री’ म्हणायचे आणि कंपनीला म्हणायचं ‘परिवार’. १९७८ साली गोरखपुरात हा पसारा सुरू झाला तो हातावर पोट असलेल्यांच्या छोट्या बचतीवर. एजंट दारात येऊन पैसे न्यायचा. बँकेची पायरी चढायला बिचकणारा माणूस खेळाडूच्या जर्सीवरचं नाव बघून निर्धास्त व्हायचा. जर्सीवर नाव झळकायला जो पैसा लागला, तो मुळात अशाच लोकांनी साठवलेला. बिल ठेवीदाराने भरायचं आणि ते बघून पुढचा ठेवीदार यायचा.

३१ ऑगस्ट २०१२ ला सर्वोच्च न्यायालयाने समूहाच्या दोन कंपन्यांना २४ हजार कोटींच्या वरची रक्कम १५ टक्के व्याजासह परत करायला सांगितली. गुंतवणूकदार तीन कोटींच्या घरात. त्यावर ‘परिवारा’ने काय केलं? १२७ ट्रक भरून कागद सेबीकडे, म्हणजे शेअर बाजारावर नजर ठेवणाऱ्या सरकारी संस्थेकडे, धाडले. पुढच्या मार्चमध्ये वर्तमानपत्रांत पानपानभर जाहिराती देऊन सेबीलाच टीव्हीवर चर्चेचं आव्हान दिलं. आणि ६ मे २०१३ ला लखनऊत १,२१,६५३ लोकांकडून एकत्र राष्ट्रगीत गाऊन घेतलं. गिनीज बुकात नोंद झाली. आता राष्ट्रगीताला कोण नावं ठेवणार? ज्याच्याबद्दल वाईट बोलायची कुणाची छाती होणार नाही, अशा गोष्टीला खेटून उभं राहायचं, हीच युक्ती. मद्यसम्राट विजय मल्ल्यांनीही तेच केलं, टिपूची तलवार आणली. २००९ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात गांधीजींचा चष्मा आणि चपला १८ लाख डॉलरला घेतल्या. २०१२ मध्ये त्यांच्याच किंगफिशर विमान कंपनीचे कर्मचारी थकलेल्या पगारासाठी रस्त्यावर होते.

तुझे महर्षी तसे आहेत असं मी म्हणत नाही. मला ते माहीतही नाहीत. पण वह्या संस्थेने वाटल्या की त्यांनी स्वतःच्या खिशातून? संस्थेने वाटल्या असतील तर तो पैसा पोरांच्या फीचा. कंपन्यांचंही तेच. २०१३ च्या कंपनी कायद्याचं कलम १३५ ठरावीक आकारापुढच्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्च करायला सांगतं. पैसा भागधारकांचा, खर्च कायद्याने सांगितलेला, आणि फ्लेक्सवर ‘दानशूर’ कोण? अध्यक्षसाहेब!

ईएमआय भरायचाय म्हणून हे काम घेतलं, असं मला सांगू नकोस. हप्ते मीही फेडलेत. आमच्या जिल्हा आवृत्तीच्या वाढदिवस पुरवण्यांचं शुद्धलेखन मीच तपासायचो, पण एकाही पुरवणीत स्वतःचं नाव घातलं नाही. ‘काय फरक पडला, पुरवणी तर निघालीच ना?’ असं लोक आजही विचारतात. पडला. कसा ते मला नीट सांगता येत नाही, पण पडला. बरोबरचे जनसंपर्कात गेले, कोथरूडला फ्लॅट घेऊन बसले. मी हेकट ठरलो. त्याचं दुःख मला नाही, तुझ्या काकूला थोडं आहे. मला खंत वेगळीच आहे. ‘बिल कोण भरतंय’ हे मी आयुष्यभर चहाच्या टपरीवर विचारत राहिलो. छापायची वेळ आली की मालक जाहिरात विभागाकडे बोट दाखवायचे. यात माझी काय चूक, सांग! हल्ली एकटा असलो की हेच वाद घालत बसतो, ते जाऊ दे.

वसतिगृहावरचा तुझा परिच्छेद मी दोनदा वाचला. पहाटे चारला कणीक मळायला बसणाऱ्या मावशी तुला दिसल्या, बाकी कुणाला दिसल्या नसत्या. लिहिता येतं तुला, म्हणूनच चिडतोय. मावशींचा पीएफ कापतात का, हे विचारलंस? प्राध्यापकांचे पगार किती महिने थकलेत? आणि त्याच महिन्यांत पहिल्या पानावरच्या जाहिराती किती आल्या? ते विचारलं नसशील, तर मावशींच्या कणकेवरसुद्धा महर्षींचाच फोटो छापला जाणार, आणि तो तुझ्या हातून.

ट्रस्टचे लेखापरीक्षित हिशेब दरवर्षी धर्मादाय कार्यालयात जातात. नकलेसाठी अर्ज कर. सोमवारपर्यंत काही हातात पडणार नाही हे मलाही कळतं, तरी अर्ज टाक. तोवर मजकुरात ‘यांनी दिले’ लिहिलंयस तिथे तिथे संस्थेचं किंवा कंपनीचं नाव घाल. साहेबांनी खोडलं तर कोणतं वाक्य खोडलं ते मला कळव. आणि पुरवणीत तुझं नाव घालतो म्हणाले तर सरळ नको म्हण. कारण सांगत बसू नकोस.

तुझा,
काका