नंबरवार फोल्डर : विचारा, पण चालवण्याआधी

शेल स्क्रिप्टने (टर्मिनलमधल्या आज्ञा लिहिलेल्या फाइलने) नंबरवार फोल्डर बनवण्याबद्दल पत्रांत तेच ते विचारलं जातंय, म्हणून एकदाच उत्तरं देऊन टाकतो. आज्ञा इथे देवनागरीत छापल्या आहेत. टर्मिनलमध्ये अक्षरं आणि आकडे दोन्ही इंग्रजीच टाइप करा.

प्रश्न : लग्नांच्या फोटोंसाठी १ ते १५० फोल्डर केले. यादीत १ नंतर १०, मग १०० दिसतो. २ पार खाली. (फोटोग्राफर, कोथरूड)

उत्तर : नावं अक्षरांच्या क्रमाने लागली आहेत. ००१ पासून सुरू करा: 'एमकेडिर' (फोल्डर बनवणारी आज्ञा) आणि पुढे महिरपी कंसात ००१..१५०. झालं.

प्रश्न : हीच ओळ स्क्रिप्टमध्ये घातली तर एकच फोल्डर झाला, नाव कंसासकट! (वर्कशॉप, भोसरी)

उत्तर : स्क्रिप्ट 'एसएच' या शेलने, म्हणजे आज्ञा चालवणाऱ्या प्रोग्रॅमने, चालवलीत. उबुंटू लिनक्समध्ये २००६ पासून एसएच म्हणजे डॅश नावाचा शेल, आणि डॅशला हा कंस समजत नाही. 'बॅश' या दुसऱ्या शेलने चालवा. शेवटचा आकडा कंसात व्हेरिएबल (किंमत साठवणारं नाव) म्हणून दिलात तर बॅशमध्येही हाच प्रकार होईल, कारण कंस आधी उलगडतो आणि व्हेरिएबलची किंमत नंतर भरली जाते. तिथे आकड्यांची यादी काढणारा 'सेक -डब्ल्यू' वापरा, शून्यं तोच लावतो. मॅकसोबत येणारी बॅश ३.२ मात्र कंसातली शून्यं गाळते. ऑफिसात मॅक असतील तर तिथलं सिस्टीमचं काम बघणाऱ्याशी आधी बोला.

प्रश्न : शेवटच्या फोल्डरच्या नंबरात एक मिळवून पुढचा करतो. ००८ ला स्क्रिप्ट अडते. (विद्यार्थी, हडपसर)

उत्तर : पुढे शून्य असलेला आकडा बॅश अष्टमान पद्धतीत (फक्त ० ते ७ आकडे) वाचते, आणि त्यात ८ नसतो. आकड्याआधी '१०#' लावा. ०१० पासून सुरुवात केली असतीत तर अडलीही नसती, गुपचूप ९ हातात दिला असता.

प्रश्न : भाच्याच्या क्लासच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर स्क्रिप्ट आली आहे. जुने फोल्डर साफ करून नवे नंबरवार बनवते म्हणे. चालवू का? (वकील, शिवाजीनगर)

उत्तर : नाही, वकीलसाहेब. तुम्ही पाठवलेली स्क्रिप्ट वाचली. पहिल्या ओळीत 'सीडी'ने बाहेरच्या डिस्कवर जायचं, दुसरीत 'आरएम -आरएफ स्टार', म्हणजे तिथलं सगळं न विचारता पुसायचं. डिस्क लावायची राहिली तर सीडी फसेल, एक एरर दिसेल, आणि स्क्रिप्ट पुढची ओळ चालवेल. कुठे? तुम्ही उभे असाल तिथे, म्हणजे बहुधा तुमच्या होम फोल्डरमध्ये. आरएमने गेलेलं रीसायकल बिनमध्ये जात नाही. अशिलाला काय सांगणार, ग्रुपवर आलं होतं? दोन्ही आज्ञांमध्ये '&&' असतं तर सीडी फसल्यावर आरएम चाललंच नसतं, पण फॉरवर्ड करणाऱ्याला तेवढी सवड कुठली!

खाली आणखी एक सुरुंग आहे. काही मोबाइलवर सरळ अवतरणचिन्हं आपोआप वळणदार होतात. शेल त्यांना अवतरणचिन्हं मानत नाही, आणि 'केस २०२४' या नावाचे दोन तुकडे पडतात. तुकड्यांना ती चिन्हं तशीच चिकटून राहतात, म्हणजे आज्ञा भलत्याच नावांवर चालते. 'म्हणे' या शब्दावर फोल्डर पुसायचे नसतात. फोल्डर बनवणारी स्क्रिप्ट वेगळी, पुसणारी वेगळी, आणि पुसणारी शक्यतो नकोच. आधी बॅकअप घ्या. मग आरएमच्या जागी 'इको' लिहून काय काय पुसलं जाणार ते बघा. तेही स्क्रिप्ट वाचता येणाऱ्या माणसाला शेजारी बसवून. भाच्याला नव्हे.

प्रश्न : फोल्डरांना ०१, ०२ असे मराठी आकडे हवेत. कंस चालत नाही. (प्रकाशक, अप्पा बळवंत चौक)

उत्तर : कंसाला इंग्रजी आकडेच कळतात. यादी इंग्रजीत काढा आणि मजकूर बदलणाऱ्या 'सेड' आज्ञेच्या 'वाय'ने आकडे बदला. लिनक्सवरचा अक्षरं बदलणारा 'टीआर' एकेक बाइट बघतो, त्याच्याकडून हे होत नाही. पुस्तकाचं अख्खं नाव फोल्डरला देऊ नका. मर्यादा २५५ बाइटची, आणि देवनागरीतलं प्रत्येक अक्षर, काना-मात्रासुद्धा, ३ बाइट घेतं. फायली छापखान्यात जाणार असतील तर त्यांना आधी फोन करा.

प्रश्न : 'एका क्लिकमध्ये हजार फोल्डर' असं सॉफ्टवेअर वर्षाच्या वर्गणीवर मिळतंय. घ्यावं का? (वाचक, सिंहगड रोड)

उत्तर : नको. एमकेडिर फुकट आहे. हजार फोल्डर कशाला लागतात, हे मात्र तुमच्या अकाउंटंटला एकदा विचारा.